अमेरिकेतला औषधांचा तुटवडा आणि आयातीचे कायदे: दार उघडलंय, पण भलतंच

अबोली_ओहायो

नमस्कार मंडळी. मी ओहायोत एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. परवा इन्शुरन्सच्या धाग्यावर तीन-चार जणांनी ठामपणे लिहिलं की कॅनडातून औषधं आणायला सरसकट परवानगी दिली की अमेरिकेतली महागाईही संपेल आणि तुटवडाही. ते वाचून गप्प बसवेना. दोन ओळींत सांगण्यासारखं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. "औषध परवडत नाही" आणि "औषध मिळतच नाही" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि बहुतेक वेळा ते वेगवेगळ्या औषधांचे असतात. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने २०२२ च्या किमतींची ३३ देशांशी तुलना केली होती. ब्रँडेड औषधं अमेरिकेत चौपटीहून महाग निघाली. साधी जेनेरिक (पेटंट संपल्यावर इतर कंपन्या बनवतात ती) मात्र इतर देशांच्या दोन तृतीयांश भावात, म्हणजे चक्क स्वस्त. आणि तुटवडा पडतो तो मुख्यतः याच स्वस्त जेनेरिकांचा, त्यातही इंजेक्शनांचा. निर्जंतुक इंजेक्शनांचा कारखाना चालवायला प्रचंड खर्च येतो आणि विकून हाती फारसं काही लागत नाही. मोठ्या प्रमाणावर खरेदी करणारे मोजकेच, ते भाव पाडत नेतात, उत्पादक एकेक करून धंद्यातून बाहेर पडतात. शेवटी उरतात दोघं-तिघं. त्यातल्या एकाचा कारखाना थांबला की सगळा देश थांबतो.

२०२३ मध्ये नेमकं हेच झालं. सिस्प्लॅटिन हे १९७८ पासून वापरात असलेलं केमोचं औषध. अमेरिकेला लागणाऱ्या सिस्प्लॅटिनपैकी जवळपास निम्मं अहमदाबादजवळच्या सानंदमधल्या इंटास कंपनीच्या एकाच कारखान्यातून येत होतं. २०२२ च्या शेवटी एफडीएचे (अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याचे) तपासनीस तिथे गेले, तर गुणवत्ता विभागाचे फाडलेले कागद पिशव्या भरभरून सापडले. उत्पादन थांबलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिस्प्लॅटिन तुटवड्याच्या यादीत आलं, एप्रिलमध्ये त्याच्या मागोमाग त्याच जातीचं कार्बोप्लॅटिन. त्या उन्हाळ्यात मोठ्या कॅन्सर केंद्रांची पाहणी झाली तेव्हा ९३ टक्के केंद्रांनी कार्बोप्लॅटिन कमी पडतंय असं सांगितलं, सिस्प्लॅटिनबद्दल ७० टक्क्यांनी.

त्या दिवसांत आमच्याकडे रोज सकाळी बैठक व्हायची. किती कुप्या उरल्या, आज कोणाकोणाचा डोस आहे, कोणाला दुसरं औषध चालेल. ज्यांचा आजार सिस्प्लॅटिनने पूर्ण बरा होऊ शकतो त्यांच्यासाठी साठा राखायचा, बाकीच्यांना पर्याय शोधायचा. हे ठरवणाऱ्यांत मीही होते, आणि असं कुणालाही ठरवावं लागू नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा सगळा लिहिण्याचा खटाटोप.

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेत बनून बाहेर गेलेलं औषध परत आणण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने उत्पादकापुरता ठेवला. २००० साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, आयातीचा कायदा केला, पण त्यात एक अट टाकली: यात धोका नाही आणि ग्राहकाचे पैसे वाचतील, असं आरोग्यमंत्र्यांनी लिहून द्यायचं. तेव्हाच्या मंत्री डॉना शलेला यांनी तसं लिहून दिलं नाही. २००३ च्या मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) कायद्यात तीच अट पुन्हा आली, आणि सरकारं बदलत गेली तरी सतरा वर्षं कुणी सही केली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री अ‍ॅलेक्स अझार यांनी ती केली. मग राज्यांनी अर्ज करायचे. फ्लोरिडाला ५ जानेवारी २०२४ ला पहिली मंजुरी मिळाली. मंजुरीला वर्ष होऊन गेलं तेव्हाही कॅनडातून एकही गोळी आलेली नव्हती.

या कायद्याखाली काय आणता येत नाही तेही बघा. बायोलॉजिक, म्हणजे सजीव पेशींपासून बनवलेली, औषधं नाहीत (मार्च २०२० पासून इन्शुलिन त्यातच धरतात, म्हणजे तेही बाद). नशेच्या यादीतली नाहीत. सलाईनमधून द्यायची नाहीत. शिरेतून टोचायची इंजेक्शनं नाहीत. म्हणजे ज्यांचा तुटवडा सगळ्यात जीवघेणा, नेमकी तीच वगळली! २०२४ च्या सुरुवातीला देशात एकाच वेळी ३२३ औषधांचा तुटवडा होता, २००१ पासून नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा उच्चांक. त्यातल्या इंजेक्शनांसाठी हा कायदा काडीच्या उपयोगाचा नाही.

मग तुटवडा पडल्यावर औषध येतं कसं? वेगळ्याच वाटेने. एफडीए स्वतः परदेशातला उत्पादक शोधते, त्याचे कागद तपासते आणि "तात्पुरतं आणा, आम्ही हरकत घेणार नाही" असं पत्र देते. जून २०२३ मध्ये चीनच्या चिलू कंपनीचं सिस्प्लॅटिन असंच आलं, वाटप अपोटेक्स कंपनीने केलं. पेटीसोबत डॉक्टर-फार्मासिस्टसाठी एक पत्र. कुपीवरचं लेबल चिनी. बारकोड आपल्या यंत्रणेत वाचला जाईलच याची खात्री नाही, म्हणून दोघींनी मिळून प्रत्येक कुपीची मात्रा हाताने तपासून नोंदवायची. काम वाढलं, पण औषध होतं.

माझं म्हणणं असं की ही वाट नीट कायद्यात बांधून काढावी, आणि नुसता तुटवडा पडल्यावर नव्हे, तर बनवणारे एक-दोनच उरले की तेव्हाच ती उघडावी. मिनेसोटाच्या डेमोक्रॅट सेनेटर एमी क्लोबुशार आणि युटाचे रिपब्लिकन माइक ली यांनी मिळून 'शॉर्ट ऑन कॉम्पिटिशन' नावाचं विधेयक आणलं होतं, त्याचा गाभा हाच आहे: तुटवड्यातल्या किंवा स्पर्धा नसलेल्या औषधांना तात्पुरती आयात आणि झटपट मंजुरी. ते पुढे सरकलं नाही. सरकायला हवं होतं.

तुमचे अनुभव लिहा. विरोधही लिहा, पण मुद्द्याला धरून.


टोरांटो_ताई

अबोली, बरं झालं लिहिलंस. आमच्या बाजूचं चित्र कुणी बघतच नाही. कॅनडाची लोकसंख्या चार कोटी, तुमची तेहतीस कोटींच्या पुढे. एकट्या फ्लोरिडात सव्वादोन कोटी माणसं! आमच्या दुकानातून तुम्ही भरून न्यायचं म्हटलं तर आम्ही काय घ्यायचं? म्हणून तर नोव्हेंबर २०२० मध्ये, तुमचा नियम लागू व्हायच्या तोंडावर, आमच्या सरकारने आदेश काढला की इथे तुटवडा होईल अशा रीतीने औषधं बाहेर पाठवता येणार नाहीत.

आणि आमच्याकडे काय सुबत्ता आहे असंही नाही. २०२२ च्या हिवाळ्यात लहान मुलांचं तापाचं औषध कुठेही मिळत नव्हतं. मुलगी तापाने फणफणलेली आणि मी गोळी चुरून जॅममध्ये घालतेय, तेही फार्मासिस्टने फोनवर मात्रा सांगितली म्हणून. शेवटी सरकारने अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातून बाटल्या मागवल्या. इथे लेबल इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत लागतं, तेवढ्यापुरती त्यातून सूट दिली. तुमचे पुढारी ज्या देशातून आणू म्हणतात, तो देशच तुमच्याकडून मागवत होता.


अबोली_ओहायो

ताई, अगदी. आणि कॅनडाची स्वस्ताई कारखान्यातून येत नाही, तिथे पेटंटच्या औषधांच्या किमतींवर सरकारी अंकुश आहे त्यातून येते. इथे तसा अंकुश लावायचा तर उघडपणे लावावा. शेजाऱ्याचा अंकुश ट्रकमध्ये भरून आणता येत नाही.


कृष्णाकाठ

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण मला दोन गोष्टी पटत नाहीत. मी बोस्टनला औषध कंपनीत आहे, तेव्हा माझं मत त्या चष्म्यातून आहे हे आधीच सांगतो.

एक, तपासणी. २००८ साली चीनमधून आलेल्या कच्च्या मालामुळे हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) भेसळयुक्त निघालं, माणसं दगावली. तो माल नेहमीच्या, मंजूर वाटेने आलेला होता. जिथे नेहमीची वाट इतकी पाझरते, तिथे घाईची वाट किती पाझरेल? घाईत कुणाला आत घेताना एफडीए कारखान्यात पाऊल तरी ठेवते का? बरेचदा कागदच बघते.

दोन, तुम्हीच म्हणता की भाव पडल्यामुळे उत्पादक सोडून जातात. मग अजून स्वस्त परदेशी माल आत घेतला तर उरलेलेही जातील. तुटवड्याचं मूळ कारण जे, तेच औषध म्हणून कसं द्यायचं?

आणि २०१७ साली कॅनडाच्या आयातीसाठी क्लोबुशार आणि सेनेटर बर्नी सँडर्स यांनी आणलेली दुरुस्ती सेनेटमध्ये ४६ विरुद्ध ५२ ने पडली. बारा रिपब्लिकन बाजूने, तेरा डेमोक्रॅट विरोधात. त्या तेराजणांना लोकांनी औषध कंपन्यांचे मिंधे ठरवून टाकलं. सुरक्षेची शंका प्रामाणिक असू शकते.


वाळूजकर

कृष्णाकाठ यांच्या पहिल्या मुद्द्यावर लिहितो. मी बारा-पंधरा वर्षं इंजेक्शन बनवणाऱ्या कारखान्यांत क्वालिटीत काढली, त्यातली बरीचशी वाळूजच्या एमआयडीसीत.

बाहेरच्यांना वाटतं तपासनीस येतो, फेरी मारतो, सही करून जातो. प्रत्यक्षात एफडीएचा माणूस आला की सगळा कारखाना श्वास रोखून असतो. तो पहिल्या दिवशी यंत्रं बघत नाही, कचऱ्याचे डबे बघतो. संगणकातल्या पुसलेल्या फाइली मागतो. मग मीडिया फिलचे रेकॉर्ड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: औषधाऐवजी जिवाणूंना वाढायला आवडेल असं द्रव घेऊन हजारो कुप्या खऱ्या बॅचसारख्याच भरायच्या, त्याच माणसांनी, तसेच मास्क-गाऊन चढवून, मध्येच शिफ्ट बदलून. मग चौदा दिवस उबेत ठेवायच्या आणि एकेक कुपी उजेडासमोर धरून बघायची. एखादी गढूळ दिसली की खालपासून वरपर्यंत सगळ्यांची झोप उडते, कारण आपल्या हातून जंतू आत गेला हे सिद्ध झालेलं असतं. ही चाचणी कागदावर उरकता येत नाही. उरकणारे मात्र असतात, आणि ते पकडले जातातही.

मे २०१३ मध्ये वोखार्ट कंपनीच्या वाळूजच्या कारखान्यावर इम्पोर्ट अलर्ट लागला, नोव्हेंबरमध्ये चिकलठाण्याच्या. म्हणजे माल अमेरिकेच्या बंदरातच अडवणार. तेव्हा आमच्या सगळ्या वसाहतीत दुसरा विषय नव्हता. आमच्या साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं की बॅचची नोंद काम करता करताच लिहायची, नंतर आठवून लिहिलेली चालणार नाही. भीतीने का होईना, शिस्त आली.

पण एक गोष्ट मला खुपते आणि ती या धाग्याशी थेट जोडलेली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सन फार्माच्या गुजरातमधल्या हालोलच्या कारखान्यावर इम्पोर्ट अलर्ट लागला, पण त्यातून १४ उत्पादनं अटींवर वगळली. का? तर ती अडवली असती तर अमेरिकेत तुटवडा पडला असता. म्हणजे ज्या कारखान्यावर भरवसा नाही म्हणून बंदी, त्याच कारखान्याची काही औषधं चालू, कारण दुसरा कुणी बनवणाराच नाही. अबोलीताईंचा मुद्दा इथे लागू पडतो. पर्यायी उत्पादक आधीच आत असते तर तपासनिसाला बेधडक "बंद" म्हणता आलं असतं. तुटवड्याची भीती असेल तर तपासणीचाच धाक कमी होतो. स्पर्धा आणि सुरक्षा एकमेकींच्या विरुद्ध नाहीत, कृष्णाकाठ.


कृष्णाकाठ

हालोलचं उदाहरण चपखल आहे, मान्य. पण माझा दुसरा मुद्दा अजून तसाच आहे. भावाचं काय?


नाना_सातारा

मी गेली चाळीस वर्षं केमिस्ट, दुकान साताऱ्यात. अमेरिकेचे कायदे मला समजत नाहीत, पण भावाचा मुद्दा समजतो. आपल्याकडे सरकार आवश्यक औषधांचा कमाल भाव बांधून देतं. गोरगरिबांना त्याचा मोठा आधार आहे, हे दुकानात रोज दिसतं. पण भाव फार खाली बांधला की कंपनी गुपचूप बनवणं कमी करते. मागणी लिहून घ्यायची, वितरक म्हणणार पुढच्या आठवड्यात बघू.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भाव ठरवणाऱ्या आपल्या एनपीपीए या सरकारी संस्थेने आठ औषधांच्या अकरा प्रकारांचे कमाल भाव एका झटक्यात ५० टक्क्यांनी वाढवले. त्यात बेन्झिल पेनिसिलिनचं इंजेक्शन होतं, अ‍ॅट्रोपिन होतं. अ‍ॅट्रोपिन म्हणजे शेतात फवारणी करताना विषबाधा झालेला माणूस आला की पहिलं लागणारं इंजेक्शन. कंपन्यांनी लेखी कळवलं होतं की या भावात परवडत नाही. सरकारने ऐकलं ते बरं केलं. दोन रुपये जास्त गेले तरी चालतील, पण इंजेक्शन कपाटात पाहिजे.


अबोली_ओहायो

नाना, तुम्ही पेनिसिलिनचं नाव काढलंत आणि मला लगेच २०२३ आठवलं. गरोदर बाईला सिफिलिस असेल तर बेन्झाथिन पेनिसिलिनला पर्यायच नाही, दुसऱ्या औषधाने बाळ वाचेल याची खात्री देता येत नाही. आणि अमेरिकेत त्याचाच तुटवडा पडला, कारण बनवणारी कंपनी एकच. मग फ्रान्समधून तेच औषध, एक्स्टेन्सिलिन नावाचं, आणलं. आमचं नेहमीचं तयार भरलेल्या सिरिंजमध्ये येतं, हे पावडर होतं. नर्सना पावडर कशी कालवायची ते शिकवावं लागलं, शिवाय त्यात सोया लेसिथिन, म्हणजे शेंगदाण्याची किंवा सोयाची अ‍ॅलर्जी आहे का हे प्रत्येकीला विचारायचं. ही सगळी यातायात टळली असती, दुसरा उत्पादक आधीपासून असता तर.

कृष्णाकाठ, आता भावाबद्दल. सिस्प्लॅटिनसारख्या इंजेक्शनांना आयातीने कायमचा गुण येणार नाही, हे तुमचं बरोबर आहे. तिथे हॉस्पिटलांनी थोडा जास्त भाव देऊन दोन-तीन उत्पादकांशी लांबचे करार करायला हवेत, आणि मेडिकेअरने त्याचा भार उचलायला हवा. आयात हा तिथे फक्त मधला काळ निभावून न्यायचा उपाय.

पण दुसऱ्या जातीची औषधं आहेत, जिथे भाव पडलेला नसतो, आभाळाला भिडलेला असतो. डाराप्रिम घ्या. टॉक्सोप्लाज्मोसिस या संसर्गावरची १९५३ पासूनची गोळी, पेटंट कधीच संपलेलं. २०१५ मध्ये ट्युरिंग कंपनीने ती विकत घेऊन साडेतेरा डॉलरची गोळी ७५० डॉलरला केली. भारतात तेच औषध, मूळ नाव पायरिमेथामिन, काही रुपयांत मिळतं! इतर कंपन्यांना जेनेरिक काढायला तुलनेसाठी मूळ गोळी लागते, तर ट्युरिंगने ती विकायची दारंच बंद करून टाकली. पहिलं जेनेरिक मंजूर व्हायला फेब्रुवारी २०२० उजाडलं. डिसेंबर २०१९ मध्ये नमुने अडवण्याविरुद्ध क्रिएट्स कायदा झाला, तो चांगला आहे. पण मधल्या साडेचार वर्षांत रुग्णांनी काय करायचं होतं? तात्पुरत्या आयातीचं कलम असतं तर दोन महिन्यांत हा भाव कोसळला असता.

आणि तात्पुरती आयात पुढे कायमची स्पर्धा होऊ शकते, याचंही उदाहरण आहे, तेही आमच्या ओहायोशी जोडलेलं. क्लीव्हलंडजवळच्या बेडफर्डमध्ये बेन व्हेन्यू नावाचा कारखाना होता, तिथे डॉक्सिल हे केमोचं औषध बनायचं. नोव्हेंबर २०११ मध्ये तो थांबला. फेब्रुवारी २०१२ मध्ये एफडीएने त्याच औषधाचं सन फार्माचं रूप, लिपोडॉक्स, भारतातून तात्पुरतं येऊ दिलं. वर्षभरात, फेब्रुवारी २०१३ मध्ये, त्याच कंपनीच्या जेनेरिकला रीतसर मंजुरी मिळाली. पाहुणा म्हणून आलेला घरचा झाला. हे एकदा योगायोगाने घडलं, ते नियमाने घडावं एवढंच मागणं आहे.


सुमेधा_एडिसन

सगळा धागा वाचला, खूप शिकायला मिळालं. माझा प्रश्न साधा आहे. सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत. बीपी, थायरॉइड आणि झोपेची गोळी. पुण्याहून सगळी आणली तर चालतं का? ओळखीतले म्हणतात बिनधास्त आणा.


अबोली_ओहायो

सुमेधा, बिनधास्त नको, नीट आणा. पाहुण्यांनी स्वतःच्या आजाराची, स्वतःपुरती औषधं आणायला सहसा अडचण येत नाही. एफडीए साधारण तीन महिन्यांपर्यंतचा साठा वाजवी धरते. पट्ट्या मूळ पाकिटातच ठेवा, डब्यात सुट्या गोळ्या नकोत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाचं मूळ नाव लिहून. पुढच्या तीन महिन्यांचं काय, ते आधीच ठरवा, कारण पार्सलने मागवलेलं अडकू शकतं. बीपी आणि थायरॉइडच्या साध्या जेनेरिक गोळ्या इथे डॉक्टरकडून लिहून घेतल्या तर बरेचदा स्वस्तात मिळतात, त्यांची फार चिंता नको. झोपेच्या गोळीचं मात्र नाव मला कळवा. ती नियंत्रित यादीत असेल तर नियम वेगळे आणि कडक आहेत.

आणि कुणाच्या हाती दुसऱ्या कुणासाठी औषधं पाठवू नका, कितीही जवळचे असले तरी.


कृष्णाकाठ

अबोली, डाराप्रिमबद्दल माझं मत बदललं असं म्हणणार नाही, कारण तिथे मी आधीपासून तुमच्याच बाजूने होतो. पण विधेयकात दोन गोष्टी नसतील तर मी विरोधच करेन. आयातीची परवानगी मिळालेल्या कारखान्यात ठरावीक मुदतीत एफडीएचा माणूस प्रत्यक्ष गेलाच पाहिजे, आणि त्या अहवालातली निरीक्षणं हॉस्पिटलांना कळली पाहिजेत. आज तुम्ही सिस्प्लॅटिन विकत घेताना कुठल्या कारखान्याचं किती चांगलं हे तुम्हाला दिसतच नाही, म्हणून तुम्ही फक्त भाव बघता. तो कारखाना अहमदाबादला असो, चीनमध्ये असो की नॉर्थ कॅरोलिनात. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात बॅक्स्टर कंपनीचा तिथल्या मॅरियनचा कारखाना पाण्याखाली गेला आणि देशातलं साठ टक्के सलाईन एका रात्रीत अडलं, तेव्हा कॅनडा, आयर्लंड, ब्रिटन, चीनमधल्या बॅक्स्टरच्याच कारखान्यांतून मागवावं लागलं. तिथे सगळे कारखाने आधी तपासलेल्या कंपनीचे होते म्हणून मला काळजी वाटली नाही. अनोळखी कारखान्याच्या बाबतीत मला हीच खात्री कायद्यात लिहिलेली हवी.


वाळूजकर

कृष्णाकाठ, प्रत्यक्ष तपासणीला आमच्या बाजूच्या चांगल्या कारखान्यांचा विरोध नसतोच, उलट तेच हवं असतं. अडचण वेगळी आहे. कोविडच्या काळात परदेशातल्या तपासण्या जवळपास ठप्प झाल्या होत्या, कित्येक कारखाने तयार होऊन वाट बघत बसले. तपासनीसच पुरेसे नसतील तर ठरावीक मुदत कायद्यात लिहून काय होणार? आधी त्यांची भरती आणि पैसा विधेयकात घाला. युरोपच्या यंत्रणांनी केलेल्या तपासण्या एफडीए त्यांच्याशी झालेल्या कराराखाली मान्य करते, तसं काही इथेही बसवता येईल का, यावर कुणाला माहिती असेल तर लिहा.